काठावरून वाहणारे पाणी

सेंदाई,
९ सप्टेंबर १९९४
[लिहिले, टपालात टाकले नाही.]

श्रीमती ओइकावा किनु यांस,

आपले कार्ड मिळाले. आपली गरम झऱ्याची सराई 'तोचिया' ऑक्टोबरअखेर कायमची बंद होणार, हे वाचले.

माझी पत्नी सुमिए हिचे ११ फेब्रुवारी रोजी सकाळी निधन झाले. ज्यांना कळवायचे त्यांच्या यादीत आपले नाव तिसरे होते. पहिल्या दोघांना कळवल्यानंतर मी ती यादी खणात ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली नाही. याबद्दल क्षमा मागण्यास मजजवळ योग्य शब्द नाहीत.

शरद ऋतूत एकट्या पाहुण्यास तोचियात खोली दिली जात नाही, हा नियम मला ठाऊक आहे आणि एकटा आलेला कोणी जिवाचे बरेवाईट करून घेईल, ही त्यामागची भीतीही ठाऊक आहे. १९७१ साली आपण एका गृहस्थांस चहा पाजून, वाटेसाठी शिदोरी बांधून त्याच बसने परत पाठवले, तेव्हा आम्ही दोघे ओसरीवर होतो. सुमिए म्हणाली, "बरं केलं किनुताईंनी. त्या माणसाचं पोरकं तोंड पाहिलंत का?" आज आरशात मी तेच तोंड पाहतो, म्हणून आपण मला नाही म्हणाल याची मला खात्री आहे. परंतु एकदा, केवळ एकदा, त्या पाण्यात


सेंदाई,
९ सप्टेंबर १९९४

श्रीमती ओइकावा किनु यांस सविनय प्रणाम.

दिवसाचा उष्मा अद्याप ओसरलेला नसला तरी सकाळच्या वाऱ्यात शरदाची चाहूल जाणवू लागली आहे. डोंगरात ती आमच्याआधी पोहोचली असेल. आपली व गेन्पाची-सान यांची प्रकृती उत्तम असावी, अशी आशा करतो.

तोचिया बंद होत असल्याचे आपले कार्ड मिळाले. १९६३च्या ऑक्टोबरात, विवाहानंतर पाच महिन्यांनी, आम्ही प्रथम तेथे आलो, व त्यानंतर एकही शरद चुकला नाही. गतवर्षीचा मुक्काम एकतिसावा होता. बत्तिसावा व अखेरचा मुक्काम व्हावा, ही इच्छा आहे. तरी २४ ऑक्टोबरपासून पाच रात्रींसाठी ओढ्याकडील कोपऱ्याची खोली, व्यक्ती दोन, राखून ठेवावी, ही विनंती.

येथे सर्व कुशल आहे.

आपला विनम्र,
कुरामोची तेइजिरो


तोचिया, निनोसावा
१५ सप्टेंबर

कुरामोची-सान,

पत्र मिळालं. कोपऱ्याची खोली तुमचीच. तुम्ही नसतं मागितलं तरी दुसऱ्या कुणाला दिली नसती.

का बंद करताय, असं तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्ही कधीच विचारत नाही, पण सांगते. मी शहात्तरची झाले. माझा दीर गेन्पाची त्र्याहत्तरचा, आणि झऱ्यापासून न्हाणीच्या हौदापर्यंतचे लाकडी पन्हळ दर आठवड्याला साफ करायला त्याच्याशिवाय कुणी नाही. परवा पन्हळावरून घसरला. "वहिनी, मी पडलो नाही, बसलो," म्हणाला. तीन दिवस बसूनच होता. मुलगी मोरिओकाला बोलावते आहे. दोघांनाही. तिच्याकडे नळाला गरम पाणी येतं म्हणे! गेन्पाची म्हणतो, त्यात काय, इथे तर डोंगराला येतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्राखाली सुमिएच्या ओळी कुठे आहेत? एकतीस वर्षं तुमचं पत्र म्हणजे वरती हवामान खातं आणि खाली कोपऱ्यात तिच्या वेड्यावाकड्या चार ओळी. आम्ही आधी त्याच वाचतो, हे आज कबूल करते. या वेळी खालचा कोपरा कोराच. भांडलात की काय? का कागद संपला? तिला म्हणावं, तिची ती सीडरची बादली अजून आहे, कडी नवी बसवलीय. हौदातल्या फळीवर तीन ठोके देऊन देऊन तिने बुडाला खळगा पाडलाय.

ओढ्याला मासे बरे आहेत. डोंगरावर अळंबी यंदा उशिरा.

या हंगामात एकटे लोक फार फोन करतात. शेवटचं बघायचंय म्हणतात. सासूबाईंचा नियम मी मोडलेला नाही. जाता जाता पाप नको. पण नाही म्हणताना जीभ जड होते हो. म्हणून निदान तुम्ही दोघं तरी या.

किनु


सेंदाई,
२२ सप्टेंबर १९९४

श्रीमती ओइकावा किनु यांस सविनय प्रणाम.

विषुवदिनाच्या सुमारास येथे दोन दिवस पाऊस झाला व हवा निवळली. गेन्पाची-सान यांच्या दुखण्याविषयी वाचून काळजी वाटली. ओल्या लाकडी पन्हळावर गवती तळव्यांची पादत्राणे वापरल्यास घसरण्याचा संभव कमी होतो, असा नदी कार्यालयातील चौतीस वर्षांच्या नोकरीत माझा अनुभव आहे.

सुमिएच्या उजव्या मनगटास दुखापत झाल्यामुळे तिला लिहिता येत नाही. तिने सांगितलेला मजकूर मी खाली उतरवून देत आहे.

"श्रीमती किनु यांस नमस्कार. मनगट वगळता माझी प्रकृती समाधानकारक आहे. जेवणात धुरी दिलेल्या मुळ्याचे लोणचे नेहमीप्रमाणे असावे, ते विसरू नये. आपल्या भेटीची मी प्रतीक्षा करीत आहे. — सुमिए"

आपला विनम्र,
कुरामोची तेइजिरो


तोचिया, निनोसावा
३० सप्टेंबर

कुरामोची-सान, हे पत्र तुम्हाला नाही. सुमिएला आहे. तिचं मनगट दुखतंय तर कागद तुम्हीच धरा आणि वाचून दाखवा. मोठ्याने वाचा, मनातल्या मनात वाचलेलं तिला चालत नाही.

सुमिए गं,

तुझा निरोप पोचला. गेन्पाचीला वाचून दाखवला. मग म्हणाला, "वहिनी, मनगट तिचं असेल, पण जीभ नदीखात्याची आहे." मी म्हटलं, गप रे, लाकडं फोड जा. तो गेला, पण लाकडं फोडल्याचा आवाज काही आला नाही.

मुळा ठेवते. नेहमी ठेवते. तू दर पत्रात लिहायचीस, 'किनुताई, मुळा विसरू नका हं!' आणि ताट समोर आलं की नाक मुरडून आपल्या वाट्याच्या फोडी त्यांच्या ताटात सरकवायचीस. पहिल्या वर्षी मी विचारलं, अगं, खात नाहीस तर मागतेस कशाला? तू म्हणालीस, "त्यांना आवडतो. पण जास्त द्या म्हणून मागणं त्यांच्या जन्मात होणार नाही." एकतीस वर्षं त्यांनी दोघांच्या वाट्याचा मुळा खाल्ला आणि त्यांना वाटतं, तो तुलाच आवडतो.

आज दुपारी बायकांच्या बाजूला एकटीच बसले होते. मधली फळी, तिच्याखालून हात जाईल एवढी फट. पाणी दोन्हीकडे एकच. झरा पडतो पुरुषांच्या बाजूला आणि हौद भरून सांडतो आपल्या बाजूच्या काठावरून, हे तुला मी काय सांगायचं? तूच मला शिकवलंस. ते पहिलंच वर्ष. तू निघायच्या वेळी बादलीने तीन ठोके द्यायचे आणि त्यांनी पलीकडून तीन ठोके देऊन निघायचं, म्हणजे बाहेरच्या थंडीत कुणी कुणाची वाट बघत कुडकुडायला नको, असं तुमचं ठरलं होतं. तू दिलेस. पलीकडून काही नाही. मला तर रागच आला. म्हटलं, काय गं नवरा तुझा! बहिरा की मुका? तू म्हणालीस, "चारचौघांत फळी बडवायला लाजतात ते. पण थांबा ना किनुताई, ऐका." आणि बोट ओठावर ठेवलंस.

काठावरून सांडणारं पाणी थांबलं. एकदम. सगळं न्हाणीघर गप्प झालं.

"उठले," म्हणालीस तू. "ते उठले की पाणी उतरतं, मग काठापर्यंत भरेस्तोवर सांडत नाही. हे त्यांचं उत्तर." आणि अशी हसलीस! नवी नवरी ती, लाल होईतो शेकलेली. त्यानंतर दर वर्षी आपण दोघी काम टाकून ते ऐकायला बसायचो. पलीकडे चार पुरुष असोत, तीन ठोक्यांवर उठणारा एकच. एकदाही उशीर नाही. मी म्हटलं, हे त्यांना सांग तरी. तू म्हणालीस, "नको. सांगितलं तर उद्यापासून सांडलेलं पाणी मोजत बसतील."

आता मी सांगून टाकलं. रागावू नकोस. तोचियाच राहणार नाही, तर हे कुणापाशी ठेवू?

खोली आहे. दोन ताटं मांडणार आहे. तुला आणखी काही सांगायचं असेल तर तुझ्या नावाने नको, त्यांच्याच शब्दांत कळव. मी काही मागत नाही. वाट बघते.

तुझी किनुताई


सेंदाई,
११ ऑक्टोबर १९९४

श्रीमती ओइकावा किनु यांस सविनय प्रणाम.

उत्तरास अकरा दिवस विलंब झाला. ऋतूविषयी आज काही लिहीत नाही.

सुमिए या जगात नाही. ११ फेब्रुवारी रोजी सकाळी, रुग्णालयात, ती गेली. आजार सात आठवड्यांचा होता. मी आपणांपासून हे लपवले, व तिच्या नावाने खोटा मजकूर लिहिला. तिने आयुष्यात कधी 'समाधानकारक' हा शब्द उच्चारला नाही, हे मला पत्र पेटीत पडल्यानंतर आठवले.

लपवण्याचे कारण आपण ओळखलेच असेल. एकट्यास खोली मिळत नाही. मी दोन व्यक्ती असे लिहिले तेव्हा आपली फसवणूक करीत आहे याची मला जाणीव होती. परंतु लेखणी हाती घेतल्यावर 'व्यक्ती एक' असे माझ्याच्याने लिहवले नाही, हेही तितकेच खरे.

आपले पत्र मी सूचनेप्रमाणे मोठ्याने वाचले. तिचे छायाचित्र ठेवलेल्या देव्हाऱ्यासमोर, दारे लावून. पहिले पान नीट वाचून झाले. मुळ्याच्या ठिकाणी मी थांबलो, पाणी प्यालो व पुन्हा आरंभ केला. पाणी थांबण्याच्या वाक्यापुढे मला त्या दिवशी वाचता आले नाही. ते दुसऱ्या दिवशी वाचले, व तिसऱ्या दिवशी सर्व पत्र पुन्हा.

चौतीस वर्षे मी नदीची पातळी मोजली. पावसाळ्यात दर तासाला, एरवी दिवसातून तीनदा. एक बोट चढ-उतार माझ्या नजरेतून सुटत नसे. पाण्यातून माणूस उठला की पातळी उतरते, हे शाळकरी मुलास कळते. आणि ज्या हौदात मी एकतीस वर्षे बसलो, त्याचे पाणी कोठून सांडते, हे मी एकदाही पाहिले नाही, कारण तो काठ स्त्रियांच्या बाजूस होता. ठोक्याला ठोका न दिल्याचे मला प्रत्येक वर्षी वाईट वाटे. पुढच्या वर्षी देऊ, असे मी मनाशी म्हणे. गतवर्षी तर बादली हातात घेतलीही होती. पलीकडच्या कोपऱ्यात एक अपरिचित गृहस्थ बसले होते, म्हणून खाली ठेवली. ते गृहस्थ कोण होते, हे मी आज सांगू शकणार नाही. त्यांच्यापायी मी ते तीन ठोके दिले नाहीत.

आता माझी विनंती. एकट्याला खोली न देण्यामागे आपल्या सासूबाईंना कशाची भीती होती, ते मी जाणतो. मला येऊन परत जायचे आहे. विश्वासासाठी २९ ऑक्टोबरचे सेंदाईचे परतीचे तिकीट सोबत जोडले आहे. ते आपल्याजवळ ठेवावे व निघतेवेळी मला द्यावे. तरीही नियम आड येत असेल तर तिकीट परत पाठवण्याची तसदी घेऊ नये. मी समजेन.

आपला,
कुरामोची तेइजिरो


तोचिया, निनोसावा
१५ ऑक्टोबर

कुरामोची-सान,

तिकीट बुद्धाच्या देवळीत ठेवलंय, सासूबाईंच्या फोटोपुढे. त्यांचं त्या बघून घेतील.

मी तुमचं पत्र वाचून चुलीपाशी रडले आणि सगळा दोष ओल्या लाकडांना दिला. गेन्पाची ओरडला, "लाकडं कोरडी आहेत, वहिनी!" आणि स्वतःच मागच्या दाराने बाहेर गेला.

नियमाचं सांगते. नियम एकट्याने येणाऱ्यासाठी आहे. वहीत मी सप्टेंबरातच लिहून ठेवलंय: कोपऱ्याची खोली, कुरामोची, दोन. लिहिलेलं मी खोडत नाही. गावाला गेलेल्या माणसाचं ताट घरी मांडतात, तसं तिचं मांडीन. कुणी काही म्हणणार नाही. म्हणायला असेल कोण? २८ तारखेला बाकीचे सगळे पाहुणे जातात. शेवटचा दिवस तुमचाच.

एकच अट. बादली हातात घेतलीत की खाली ठेवायची नाही.

डोंगरात थंडी पडलीय. लोकरीचे मोजे आणा. ती दर वर्षी तुमचे दोन जोड जास्तीचे घ्यायची, आता तुम्हीच लक्षात ठेवा.

किनु


सेंदाई,
९ नोव्हेंबर १९९४

श्रीमती ओइकावा किनु यांस, मोरिओका.

सविनय प्रणाम. येथील पंख्यासारख्या पानांची गिंको झाडे पिवळी झाली आहेत. नव्या घरी आपण दोघे स्थिरस्थावर झाला असाल. नळाच्या गरम पाण्याविषयी गेन्पाची-सान यांचे मत काय झाले, ते कळवावे.

निरोप घेताना मला नीट बोलता आले नाही. आपण तिकीट हातात दिलेत, मी वाकून नमस्कार केला, बस आली. जे तेव्हा सांगावयाचे राहिले, ते क्रमाने लिहितो.

२४ तारखेला बसथांब्यावर गेन्पाची-सान उभे होते. त्यांनी माझी पेटी घेतली, मग गाडीचे दुसरे दार उघडले, क्षणभर तसेच धरून ठेवले व मग लावले. एकतीस वर्षे ते तसेच करीत. वळणाशी आल्यावर म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या गवती पादत्राणांनी मी दुसऱ्यांदा पडलो." मला हसू आले. फेब्रुवारीनंतर प्रथमच.

खोलीत न्हाणीनंतर घालायचे दोन सुती युकाता घडी करून ठेवलेले होते, एक मोठा व एक लहान. लहानाला मी हात लावला नाही. परंतु दर सायंकाळी आपण तो उचलून नवा ठेवीत होता, हे मी पाहिले. तिच्या ताटातील भात निवल्यावर आपण म्हणालात, "आता तुम्ही खा. घरच्यांनीच खायचा असतो." मी खाल्ला.

पहिले चार दिवस मी पुरुषांच्या बाजूस बसलो. बादली घेतली नाही, म्हणून खाली ठेवण्याचाही प्रश्न आला नाही. माझी ही पळवाट आपण ओळखली होती, असे वाटते, कारण २८ तारखेला दुपारी, पाहुणे गेल्यावर, आपण स्त्रियांच्या बाजूचा पडदा काढून हातावर टाकलात आणि म्हणालात, "जा. आज इथे बाई-पुरुष काही नाही. गेन्पा पलीकडे बसलाय, पाठ शेकतोय." मी संकोचलो. आपण म्हणालात, "कुरामोची-सान, एकतीस वर्षं संकोच केलात, आता पुरे."

त्या बाजूस मी कधी गेलो नव्हतो. खिडकी ठेंगणी आहे. बसल्यावर ओढा दिसत नाही, फक्त पलीकडच्या चेस्टनटची खालची फांदी दिसते. ती दर वर्षी मला त्या फांदीविषयी सांगे व मी 'हो' म्हणे. सांडणारा काठ हाताला गुळगुळीत लागतो. मध्यावर लाकूड झिजून उतरते झाले आहे, तेथून पाणी सांडते. तो आवाज पुरुषांच्या बाजूस ऐकू येत नाही. मी तो प्रथमच ऐकला. पुष्कळ वेळ ऐकत राहिलो.

मग तिची बादली घेतली. बुडाचा खळगा अंगठ्याला लागला. फळीवर तीन ठोके दिले. माझ्या अपेक्षेपेक्षा आवाज मोठा झाला.

पलीकडे गेन्पाची-सान उठले. पाणी हलले. आणि काठावरचा आवाज थांबला.

आपण जसे लिहिले होते, तसेच. सगळे न्हाणीघर गप्प झाले. तिने एकतीस वेळा, नव्हे, पाच-पाच दिवस धरले तर दीडशेहून अधिक वेळा, जे ऐकले ते मी ऐकत होतो. इतक्या वेळा मी तिला उत्तर दिले होते, आणि प्रत्येक उत्तर तिला पोहोचले होते. मी मोजणार नाही असे ठरवले होते. परंतु सवयीने मोजू लागलो. एकशे अठरापर्यंत आलो असता पलीकडून गेन्पाची-सान यांचा आवाज आला, "झालं का साहेब? इथे उघडा उभा आहे मी, थंडी वाजतेय!" आणि नेमके तेव्हाच पाणी काठावर येऊन पुन्हा सांडू लागले.

आपण पडद्याबाहेर होता. मी बाहेर आलो तेव्हा आपण मोजे पुढे केलेत.

इतकेच सांगावयाचे होते. कळवण्याच्या यादीतील उरलेल्या सर्वांना या आठवड्यात मी पत्रे लिहिली.

आपला विनम्र,
कुरामोची तेइजिरो

ता.क. किनुताई, तुम्ही बांधून दिलेला मुळा संपला. तिच्या वाट्याचाही मीच खाल्ला. अजून असेल तर पाठवा. मला फार आवडतो.